पाय पाहून अंथरूण

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र यांची वाखाणणी उत्तर हिंदुस्थानात फार पूर्वीपासून होत आलेली आहे. ‘शब-ए-मालवा’ हे शब्द आम्हा इंदूरकरांच्या तोंडी इतके रुळले आहेत की, त्या रात्रीच्या गारव्यात आमचीच काही कर्तबगारी असावी, असे आम्हांस वाटू लागले आहे. वैशाखात दिवसभर अंगाची काहिली झाली तरी सूर्य मावळल्यावर पठारावरचा वारा सुटतो आणि गच्चीवर पसरलेल्या सतरंजीवर माणसाचा डोळा केव्हा लागतो ते कळत नाही. आमच्या पिढीने लहानपणी हे सुख पुरेपूर भोगले. अशा गावात राहून आमच्या घरातील एका वृद्ध व्यक्तीस चार महिने धड झोप मिळत नव्हती, आणि ती आमच्याच हौसेमुळे मिळत नव्हती, हे लिहिताना मान खाली जाते. परंतु या सदरातून मी आजवर वाचकांना उपदेश पुष्कळ केला आहे. एखाद्या वेळी स्वतःच्या चुकीची हकीगत सांगणेही न्यायाचे होईल.

२०२४ च्या मार्गशीर्षात आमच्या आईचे सहस्रचंद्रदर्शन झाले. हजार पौर्णिमा पाहावयास माणसाला सुमारे ८० वर्षे १० महिने लागतात. समारंभ घरगुतीच होता. आमच्या चिरंजीवाला त्याच सुमारास पुण्यात नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारातून आजीला काय द्यावे, याचा तो बरेच दिवस विचार करीत होता. शाल तर सर्वच आणतात. आजी रात्री कण्हते, सारखी कूस बदलते, हे त्याने लहानपणापासून ऐकलेले. म्हणून त्याने तिच्यासाठी आठ इंच जाडीची नवी गादी धाडून दिली. एवढ्या मोठ्या गादीची वळकटी एका खोक्यातून येते आणि दोरी कापताच ती श्वास घेतल्यासारखी फुगू लागते, हा चमत्कार पाहण्यास आळीतली मुले जमली होती. आईने गादीवरून हात फिरवला, नातवाच्या पत्राला कपाळी लावले आणि ती म्हणाली, “राजाराणीची गादी आहे रे ही!” आम्ही कृतार्थ झालो.

ही गादी ज्या पलंगावर चढली, त्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. तो पलंग माझ्या आजोबांच्या वेळचा, अस्सल सागवानी, कातीव पायांचा. जुन्या वाड्यांतले पलंग उंच असत, आणि त्याला कारण होते. पलंगाखाली ट्रंका, पितळेच्या कळशा, लोणच्याच्या बरण्या, पाहुण्यांच्या वळकट्या असा अर्धा संसार राहत असे आणि तरीही तेथून केरसुणी फिरवता आली पाहिजे, असा घरच्या बायकांचा कटाक्ष असे. मूळचा तो नवारीचा. पंधरा दिवसांनी एखाद्या रविवारी वडील आणि मी दोन्ही बाजूंना बसून नवार खेचीत असू. सैल नवारीवर निजणे म्हणजे झोळीत निजणे. पुढे खेचणारे हात कमी झाले तेव्हा नवार काढून फळ्या बसविल्या आणि वर तीन इंचांची कापसाची गादी आली.

त्या गादीचा कापूस निमाडातला. दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी दारी येई. धनुकलीच्या तातीचा तो टणत्कार ऐकू आला की आम्ही मुले अंगणात धावत असू. गादीचे पोट उसवून त्यातले गोळे झालेले काळपट ढेकूळ तो काढी आणि तासाभरात त्याच कापसाचा पांढरा ढग करून दाखवी. खोळ धुऊन वाळली की पुन्हा भरून, मोठ्या सुईने टाके घालून गादी तयार. सबंध गादी फेकून द्यावयाची असते, ही कल्पनाच त्या काळी कोणाच्या मनात आली नसती. आता पिंजाई यंत्रावर होते आणि गादी दुकानी नेऊन द्यावी लागते. त्यामुळे आमची गादी सात-आठ वर्षे तशीच दबत, दगडासारखी होत राहिली. नातवाच्या कानी आजीचे कण्हणे पडले, त्याचे मूळ बहुधा इथेच होते. पिंजाईस शे-पाचशे रुपये आणि अर्धा दिवस खर्चण्याचे मला सुचले नाही, हा या प्रकरणातला माझा पहिला अपराध.

दुसरा अपराध मोजमापाचा. फळ्यांपर्यंत पलंगाची उंची २१ इंच. त्यावर तीन इंचांची, म्हणजे दबून दोन इंचांची, जुनी गादी. खाली चढण्या-उतरण्यासाठी पाच इंचांचा एक पाट. या हिशेबाने आईला १८ इंच उतरावे लागे. नवी गादी आली आणि शय्या २९ इंचांवर गेली. पाट वजा जाता २४ राहिले. आईची उंची चार फूट दहा इंच. गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंत तिचा पाय १५ इंचांचा. हे सारे आकडे मी आज लिहितो आहे. गादी आली त्या दिवशी घरात फूटपट्टी होती, ती हातात घेण्याची बुद्धी झाली नाही.

आईने काही म्हटले नाही. संक्रांत झाली, होळी झाली. फाल्गुनात तिला लघवीची जळजळ सुरू झाली, उठताना घेरी येऊ लागली. वयाचे दुखणे म्हणून आम्ही थोडे दिवस काढले. नंतर डॉक्टरांकडे नेले, तेव्हा त्यांनी दिवसभरात पाणी किती पिता, असे विचारले. आई गप्प. शेवटी आमच्या सौभाग्यवतींनीच सांगितले की संध्याकाळी दिवेलागणीनंतर आई पाण्याला शिवत नाहीत. डॉक्टरांनी कारण विचारले. त्यावर आई अगदी सहज म्हणाली, “पाणी प्यायले की रात्री उठावे लागते. आणि उठायचे म्हणजे कड्यावरून उतरायचे.”

घरी आल्यावर बाकीचा उलगडा झाला. त्या पलंगावरची चादर सकाळी फारशी चुरगळलेली नसते, हे सौभाग्यवतींच्या कधीच ध्यानात आले होते. आई स्वतःच उठून अंथरूण नीट करीत असतील, असे त्यांनी धरले होते. प्रत्यक्षात, आमच्या खोलीतला दिवा मालवला की आई सतरंजी घेऊन खालीच निजत असे. पहाटे पलंगाच्या पायाला धरून, दोन-तीनदा प्रयत्न करून, आम्ही उठण्याच्या आत ती उठून उभी राहत असे. एक्याऐंशी वर्षांच्या बाईने रोज पहाटे केलेला हा व्यायाम आम्हा कोणाच्या गावी नव्हता. “मग बोलली का नाहीस?” मी जरा चढ्या आवाजातच विचारले. ती म्हणाली, “पोराने पहिल्या पगारातून घेतलेली वस्तू. नावे कशी ठेवू?”

वर्गात एखादा मुलगा चार महिने फळा न दिसता मागच्या बाकावर बसून राहतो आणि परीक्षेत नापास झाल्यावर आपण त्याला चष्मा घेऊन देतो, असे प्रसंग मी माझ्या नोकरीत पाहिले आहेत. अशा वेळी मी त्या मुलांच्या बापांना बरेच काही सुनावलेही आहे.

आता नवा पलंग व नवी गादी घ्यावयाची असे ठरले. पहिला विचार जुन्या पलंगाचे पाय कापण्याचा होता आणि तो आईनेच मांडला. आजोबांच्या वस्तूला करवत लावण्याची माझी तयारी नव्हती, तिची होती. पण सुताराने पाहून सांगितले की, कातीव पायाचा गोळा जिथे संपतो तिथपर्यंत, म्हणजे फार तर चार इंच, कापता येईल. त्याहून वर गेल्यास पलंग बसका आणि बेढब होईल. चार इंचांनी आमचे गणित सुटत नव्हते.

पलंग निवडताना आपण लाकूड पाहतो, पॉलिश पाहतो, उशाकडची नक्षी पाहतो. म्हाताऱ्या माणसासाठी पाहावयाचे ते वेगळेच आहे. पलंगाच्या कडेला बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. उठणे जड जात असेल तर बैठक गुडघ्याहून इंच-दोन इंच उंच असावी, म्हणजे उठताना जोर कमी लागतो. ही उंची मोजावयाची ती गादीसकट आणि माणूस बसल्यावर गादी जेवढी दबते तेवढे वजा करून. आईच्या बाबतीत हा आकडा १६-१७ इंच आला. दुकानांत सध्या पेटीपलंगांचा सुळसुळाट आहे. फ्लॅटमध्ये सामान ठेवण्यास त्याची सोय फार. पण त्याची पेटी जमिनीपर्यंत सपाट खाली येते. बसलेला माणूस उठताना पावले किंचित मागे, गुडघ्यांखाली, ओढून घेतो आणि मगच पुढे झुकून उभा राहतो. वाचकांनी आपापल्या खुर्चीवर हा प्रयोग करून पाहावा. पावले पुढे ठेवून उठता येते का ते पाहावे. पेटीपलंगाने टाचेची ही जागाच बंद केलेली असते. म्हणून आम्ही खालून मोकळा, चार पायांचा, साधा पलंग पसंत केला. त्याच्या पट्ट्यांमध्ये दोन-दोन बोटांच्या फटी आहेत, त्यामुळे पावसाळ्यात गादीला खालून वारा लागतो. लांबीचे म्हणाल तर निजणाऱ्याच्या उंचीहून अर्धा फूट अधिक असली की झाले.

गादीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. ‘पाठ दुखते? मग लाकडी फळीवर निजा,’ हा सल्ला आपल्याकडे वडिलांकडून मुलाकडे वारसाहक्काने जातो. मीही तो अनेकांना दिलेला आहे. परंतु २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो वाचून माझा हा ताठा थोडा उतरला. जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांपैकी काहींना कठीण आणि काहींना मध्यम कठीण गादी दिली. कोणाला कोणती मिळाली हे रुग्णांना कळू दिले नाही. ९० दिवसांनी पाहता मध्यम कठीण गादीवर निजणाऱ्यांचे दुखणे आणि हालचालीतली अडचण अधिक कमी झाली होती. फार मऊ गादीत कंबर खचते हे खरे. पण फार कठीण गादीवर कुशीवर निजले तर खांदा आणि नितंब यांवरच सारा भार येतो आणि कमर अधांतरी राहते. शिवाय कठीण-मऊ हे निजणाऱ्याच्या वजनावरही ठरते. ८० किलोच्या माणसाला जी गादी मध्यम वाटते, तीच ४० किलोच्या बाईला फळीसारखी लागते, कारण तिच्या वजनाने ती दबतच नाही. जाहिरातीत छापलेले ‘मध्यम’ नेमके कोणासाठी, हे कोठेच लिहिलेले नसते.

आम्ही आईला घेऊन दुकानात गेलो. गादी घेताना ती हाताने दाबून पाहण्याची आपली रीत आहे, जणू आपण हातानेच निजणार आहोत! गादीवर आपल्या नेहमीच्या कुशीवर निदान दहा-पंधरा मिनिटे निजून पाहिले पाहिजे. पण परक्या दुकानात, चार पुरुषांच्या देखत, आई निजणार कशी? तिने पदर घट्ट आवळला आणि ती स्टुलावर बसून राहिली. दुकानदार स्वतः सत्तरीकडे झुकलेले होते. त्यांनी हाताखालच्या दोन्ही पोरांना चहा आणायला पाठविले, शटर अर्धे ओढले आणि मला म्हणाले, “सर, आपण दोघे बाहेर उभे राहू. माँजी आणि बहूजी पाहतील.” इतके शहाणपण मला सुचले नव्हते.

अर्ध्या तासाने आत बोलावले तेव्हा आईचा निकाल तयार होता. पहिलीविषयी ती म्हणाली, “ही धरून ठेवते.” ती घरच्यासारखीच मेमरी फोमची होती. हा फोम १९६६ साली चार्ल्स योस्ट या अभियंत्याने अमेरिकेच्या नासा या संस्थेसाठी केलेल्या कामातून निघाला. विमानातील आसने अधिक सुरक्षित व सुखकर व्हावीत, हा मूळ हेतू. अंगाच्या उबेने तो मऊ होतो आणि शरीराचा साचा घेतो. दुखऱ्या सांध्यांना त्याने पुष्कळांस आराम पडतो. पण ज्याच्या अंगात कूस बदलण्याचा जोर कमी, त्याला त्या साच्यातून बाहेर येणे अवघड जाते, आणि उन्हाळ्यात तो उकडतोही. दुसरीविषयी, “ही ढकलते.” ती स्प्रिंगची. एकमेकींत गुंतवलेल्या स्प्रिंगांची गादी अशी उसळते. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत असलेली गादी शांत असते आणि शेजारी निजलेल्याची चुळबुळ आपल्यापर्यंत कमी पोहोचते, पण आईला एकटीलाच निजावयाचे असल्याने त्या गुणाचा उपयोग नव्हता. तिसरीविषयी, “ही बोचते.” ती नुसत्या काथ्याची; नारळाच्या काथ्यावर रबराचा चीक फवारून ती बनवितात. हवेशीर असते, स्वस्त असते. परंतु काही वर्षांनी मधोमध बसते. धरते, ढकलते, बोचते! मराठी विषय घेऊन एम. ए. झालो, वर्षानुवर्षे क्रियापदे चालवून घेतली. पण दुकानातल्या छापील माहितीपत्रकांनी जे दहा पानांत सांगितले नव्हते, ते आईने तीन क्रियापदांत सांगितले.

चौथीविषयी ती काहीच बोलली नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, “या गादीवर आईंनी पाय लांब केले आणि डोळे मिटले.” ती गादी खाली काथ्याची आणि वर इंचभर साध्या फोमची, एकूण चार इंचांची होती. तीच घेतली. दुकानदाराने स्वतःहून तिची कड दाबून दाखविली. कडेला बसून उठणाऱ्यासाठी कड भक्कम हवी, नाही तर माणूस घसरतो. फोमचा दाटपणाही त्यांनीच समजावून दिला. एका घनमीटरचे वजन किलोत सांगतात, तो आकडा म्हणजे दाटपणा. २८ पेक्षा ३२ आणि ३२ पेक्षा ४० चा फोम साधारणतः अधिक टिकतो. परंतु दाट म्हणजे कठीण नव्हे. दाट फोम मऊही असू शकतो. हा घोटाळा गिऱ्हाईक करतेच, विक्रेतेही सर्रास करतात. रबराच्या झाडाच्या चिकापासून केलेली लॅटेक्सची गादीही तेथे होती. ती सुरेख वाटली, पण तिचे वजन आणि किंमत दोन्ही आम्हांस पेलण्यासारखी नव्हती.

नवा पलंग आला. उशाशी हात टेकायला एक आडवी दांडी सुताराकडून बसवून घेतली, न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवरची सुतळीची पायपुसणी काढून टाकली आणि भिंतीशी एक मंद दिवा लावला. पहिल्या रात्री मी दोनदा उठून पाहून आलो. तिसऱ्या दिवशी उशाशी भरून ठेवलेला तांब्या सकाळी निम्मा रिकामा होता. सौभाग्यवतींनी तो मला दाखविला. आम्ही दोघे काही बोललो नाही.

चिरंजीवाला हे कळविणे भाग होते. आठ इंचांची गादी परत घेण्याची कंपनीची मुदत केव्हाच उलटून गेली होती. त्याला वाईट वाटेल म्हणून मी फोनवर शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात आईने फोन घेतला आणि त्याला सांगितले, “गादी तुझीच ठेवली आहे. लग्न झाले की घेऊन जा. तोवर मी कधी दुपारी बसेन तिच्यावर.” ती गादी आता आतल्या खोलीतल्या बसक्या दिवाणावर आहे आणि आई दुपारी त्यावर बसून खरोखरच वाती वळते.

आजोबांचा पलंग आमच्या दोघांच्या वाट्याला आला. आमचे पाय अजून जमिनीला टेकतात. जुनी कापसाची गादी मी परवाच यंत्रावर पिंजून आणली. नऊ किलो कापूस दिला होता, धूळ आणि किटी जाऊन पावणेआठ परत मिळाला. त्यात किलोभर नवा कापूस घातला आहे. खोळ मात्र नवी शिवावी लागेल. त्या जातीचे निळ्या पट्ट्यांचे जाड कापड दोन दुकानांत मिळाले नाही, तिसऱ्यात उद्या पाहणार आहे.